अबोली, सदाफुली, गुलबक्षी : घरचे बी राखावे कसे?

नेरूळचा_सज्जा :
आमच्या सहाव्या मजल्यावरच्या सज्जात पांढरी सदाफुली, दोन कुंड्यांत अबोली आणि एक गुलाबी गुलबक्षी अशी बहुवर्षायू फुलझाडे चार वर्षांपासून आहेत. दर पावसाळ्यात रोपवाटिकेतून रोपे आणण्यापेक्षा घरचेच बी राखावे, असे मागच्या वर्षी ठरवले आणि तिन्ही ठिकाणी फजिती झाली. अबोलीचे कणीस वाळलेले पाहून दुसऱ्या दिवशी सकाळी बी काढायला गेले, तर बोंडे उघडी आणि आत काहीच नाही. सदाफुलीचे बी जूनअखेरीस काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, ते गणपतीपर्यंत बुरशी येऊन एकमेकांना चिकटले. गुलबक्षीचे बी छान रुजले, पण गुलाबी झाडाच्या बियांतून तीन रोपे गडद राणी रंगाची आणि एक पांढऱ्या फुलांचे निघाले. शेजारच्या आजींच्या मते पाखरांनी बी बदलले! आता ऑक्टोबरचे ऊन पडले आहे, तर यंदा काय वेगळे करावे?

घोडबंदरची_बाग :
ताई, संध्याकाळी तुम्ही झाडांवर वरून पाणी मारता का? तसे असेल, तर अबोलीचा चोर सापडला. तिचे पिकलेले बोंड कोरडे असेपर्यंत गप्प बसते आणि ओले झाले की टक्कन फुटून आतले बी दूर भिरकावते. पावसाची सर आली, की बी ओल्या मातीवर पडावे, अशी ती निसर्गाची सोय आहे. माझ्याकडे एकदा अशा बिया खिडकीच्या जाळीवर आपटताना ऐकू आल्या होत्या. म्हणून पाणी फक्त मुळाशी घालावे, कणीस खालून वर तपकिरी होऊ लागले की त्यावर मलमलीची सैल पिशवी बांधावी किंवा ते कोरडे असतानाच कापून कागदी पाकिटात ठेवावे. घरी ते झाकणाच्या डब्यात ठेवून वर चार थेंब पाणी शिंपडले, की थोड्या वेळात डब्यातच फटाके वाजतात. एका बोंडात जास्तीत जास्त चार चपट्या बिया असतात. त्या लगेच पुसून सावलीत वाळवाव्यात आणि शक्यतो ताज्याच पेराव्यात.

सदाफुलीच्या जोडशेंगा हिरव्याच्या पिवळसर होऊ लागल्या, की एक उकलून पाहावी. आतले दाणे काळे असतील तरच बाकीच्या तोडाव्यात, कारण त्यानंतर एक-दोन दिवसांत त्या आपोआप उकलतात आणि बी कुंडीभर सांडते. पेरताना ते मातीने झाकावे. उघड्यावर, उजेडात ते नीट रुजत नाही.

कळवा_निवृत्त_शिक्षक :
पाखरांवर आळ नको. गुलबक्षीत लाल आणि पांढऱ्याचा संकर झाला, की दोहोंपैकी कोणताच रंग वरचढ न ठरता फुले गुलाबी येतात, आणि अशा झाडाच्या स्वपरागित बियांतून साधारण एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरे या प्रमाणात रोपे निघतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी याच झाडावर आनुवंशिकतेचे प्रयोग केले होते. शाळेत मी हा धडा शिकवत असे. चार रोपांत प्रमाण नेमके जुळत नाही, त्यामुळे तुमच्याकडे एकही गुलाबी आले नाही, यात नवल नाही. पिवळा रंग मिसळला की हिशेब याहून किचकट होतो. तुम्हाला गुलाबीच हवी असेल, तर बियांच्या मागे न लागता जमिनीतला गड्डा जपावा. तो तसाच ठेवला, की तेच झाड तोच रंग घेऊन पुन्हा फुटते.

ऐरोलीकर :
बुरशीचे कारण पिशवी नसून घाई आहे. जूनअखेरीस आपल्याकडची हवा दमट असते आणि बी हवेतला ओलावा ओढून घेते. ते ओलसर असतानाच बंद केले, की पिशवीत पाणी कोंडते. बी टिकण्याबाबत असा ढोबळ नियम आहे की, त्यातला ओलावा एका टक्क्याने उतरला किंवा साठवणीचे तापमान ५ अंशांनी कमी झाले, तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणून वाळवण्याचे काम आताच, ऑक्टोबरात उरकावे : आठवडाभर वर्तमानपत्रावर, पंख्याखाली, सावलीत. मग कागदाच्या पुडीत घालून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावे आणि बियांच्या वजनाइतकी सिलिका जेल सोबत टाकावी. बरणी फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, पण बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे, नाहीतर आत दव धरून सगळी मेहनत वाया जाते. पुडीवर झाडाचे नाव आणि महिना लिहावा. सारख्याच काळ्या दाण्यांच्या पुड्या करून मी स्वतः एकदा फसलो आहे.

गुलबक्षी आणि सदाफुली, दोन्हींचे बी विषारी आहे. त्यातले गुलबक्षीचे तर मिरीसारखे दिसते, म्हणून बरणी स्वयंपाकघरात ठेवू नका.

नेरूळचा_सज्जा :
मनापासून आभार. संध्याकाळी पाणी मीच नळीने वरून मारते, त्यामुळे चोर पकडला गेला. एक शंका राहिली : दुसऱ्या कुंडीतल्या भगव्या अबोलीला चार वर्षांत एकही बोंड धरलेले नाही. तिला पाणी मुळाशीच जाते.

घोडबंदरची_बाग :
ती बहुधा दिल्ली अबोली असावी. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरतच नाही. छाट कलमच लावावे लागते. फूल नसलेला, बोटभर लांबीचा शेंडा कापून, खालची पाने काढून वाळूमिश्रित मातीत सावलीत खोचा.