मदत हवी आहे: 'होगा' टगचं 1941 मधलं रूप

नमस्कार मंडळी,

सध्या अमेरिकन नौदलाच्या 'होगा' या बंदरातल्या टगचं (मोठी जहाजं ओढणारी-ढकलणारी छोटी बोट) मॉडेल करतोय. जेमतेम शंभर फुटी बोट, पण कारकीर्द बघा. मे 1941 मध्ये सेवेत आली आणि 7 डिसेंबरला पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या आगीत सापडली. पेटलेल्या 'ॲरिझोना' युद्धनौकेला खेटून असलेलं 'व्हेस्टल' हे दुरुस्ती-जहाज हिनेच ओढून बाजूला काढलं. मग 'नेव्हाडा'. पावणेसहाशे फुटांहून लांब युद्धनौका, बंदराच्या वाटेतच बुडू नये म्हणून काठाला चढवलेली. तिची आग विझवता विझवता तिला पलीकडे वायपिओ पॉइंटच्या उथळ पाण्यात नेण्यातही होगा होती. पुढे युद्धनौकांच्या रांगेवर 72 तास पाण्याचा मारा. पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमिट्झ यांचं प्रशस्तिपत्रक मिळालं ते उगाच नाही.

अडचण पुढची आहे. 1948 मध्ये ही कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराकडे गेली आणि चाळीसेक वर्षं अग्निशमन बोट म्हणून राबली. तेव्हा पाण्याच्या तोफा वगैरे चढवून तिचं रूपच पालटलं. रंगीत फोटो मिळतात ते बहुतेक याच काळातले. मला हवी 1941 ची. सुकाणूघरावर तेव्हा काय होतं? आणि मोठ्या जहाजाला टग बगलेत घेते, म्हणजे शेजारी बांधून नेते, तेव्हा दोर कुठे कुठे बांधतात? मुंबईच्या गोदीत काम केलेलं कुणी आहे का इथे?

---

प्रतिसाद १: नौदलाच्या संग्रहातला एक फोटो शोधा. नेव्हाडा काठाला लागलेली आणि तिच्या नाळेपाशी (पुढच्या टोकाशी) डाव्या अंगाला होगा पाणी मारतेय. कृष्णधवल आहे, पण नंतरच्या पाण्याच्या तोफा-बिफा सोडून मूळ आकार नीट कळतो. बोट आता अर्कान्सास राज्यात नॉर्थ लिटल रॉकच्या संग्रहालयात आहे, 2015 पासून. तिथे फोटो काढताना जुनं काय आणि ओकलंडचं काय हे विचारूनच घ्या.

प्रतिसाद २: वडील टगवर होते, त्यांना विचारून लिहितोय. बगलेत घ्यायचं तर टग जहाजाच्या मागच्या टोकाकडे लावतात, टगचा पंखा जहाजाच्याही मागे राहील अशी. पुढचा दोर, मागचा दोर आणि मधला तिरपा दोर, त्याला स्प्रिंग म्हणतात. पुढे ढकलताना खरा ताण स्प्रिंगवर येतो, तो मॉडेलमध्ये सैल दाखवू नका. नुसतं आडवं रेटायचं असेल तर नाकच टेकवतात, म्हणून नाकावर दोरांचा जाड फेंडर (धक्का झेलणारी गादी) हवाच.

धागाकर्ता: दोघांचे आभार. स्प्रिंग मी उलट्या दिशेला ओढला होता, आज काढतो. वडिलांना अजून एक विचाराल का, फेंडर नारळाच्या काथ्याचा असायचा की जुन्या दोरांचा?