गाव शहरात गेलं की शहर गावात आलं? तुमचे अनुभव

काल सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: 'बी विंगमधले काका गेले. ११ ते १२ लिफ्ट मोकळी ठेवावी.' खाली बावीस जणांचे जोडलेले हात. मीही जोडले आणि भाजी फोडणीला टाकली. मग एकदम चरकलेच. आमची धायरी २०१७ ला पुणे मनपात गेली. त्याच्या कितीतरी आधी, मी शाळेत असताना, मयत उठेपर्यंत आळीत एकही चूल पेटायची नाही. नंतर आई त्या घरी पिठलं-भाकरी घेऊन जायची, बोलणं बंद असलं तरी. तुमच्याकडे काय बदललं?

चिवडा: आजोबा लालबागला, गिरणीत. गावच्या मंडळाची खोली, वीसेक जण, प्रत्येकाची एक ट्रंक. तीन पाळ्या म्हणून मावायचे! ८२ च्या संपात खानावळवाल्या मावशींनी उधारीवर जेवू घातलं. शहर कसलं, अख्खं गावच ते. भांडणंसुद्धा गावचीच. कुकर झाला, येते.

खाडीकाठ: नवी मुंबईसाठी जमीन गेली तेव्हा भाऊ एकत्र रडले. बदल्यात, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला आणि तेच भाऊ कोर्टात. आत्यांच्या सह्यांसाठी गाडी दारात. सह्या झाल्या, भाऊबीजेची साडी बंद.

थोरली: @खाडीकाठ, मी पण केली होती हक्कसोडावर सही. धाकटीने मुलींच्या वारसाहक्काच्या २००५ च्या कायद्यानंतर हिस्सा मागितला तर गावभर 'शहराची हवा लागली'. लागू दे की!

निळी छत्री: चुलीचं ठीक आहे. आमच्या वस्तीतल्या मयतीला वरच्या आळीतून पिठलं आलेलं आठवत नाही. बाबासाहेब 'गाव सोडा' म्हणाले, वडिलांनी सोडलं. पिंपरीत कंपनीला लागले. कॅन्टीनला सगळे एका टेबलावर, हे आजीला तीन-तीनदा सांगायचे. आता मी भाड्याने फ्लॅट बघतोय. एजंट गोड आवाजात, "पूर्ण नाव काय म्हणालात?"

धागाकर्ती: @निळी छत्री, खरंय. मी आमच्या आळीपुरतंच लिहिलं. आत्ता आईला विचारलं, वस्तीत कधी गेली होतीस का पिठलं घेऊन? ती मेथी निवडत राहिली.

चिवडा: आले परत. पिठल्यात ताक घालता का तुम्ही?

थोरली: मयतीच्या? छे, नुसतं घट्ट.

खाडीकाठ: धायरीत टँकर कितीला पडतो हो? बहीण फ्लॅट बघतेय तिकडे.

धागाकर्ती: विचारू नका. एप्रिलमध्ये येऊन बघा म्हणावं, मग बुकिंग.