मदत हवी आहे: हार्डवेअरने सांगितलेल्या आकड्यावर मेमरी घेताना मर्यादा कशी घालावी?

लिनक्ससाठी पीसीआय एक्सप्रेस कार्डाचा ड्रायव्हर लिहितोय. प्रोबमध्ये (कार्ड सापडल्यावर ते सुरू करणारं ड्रायव्हरचं फंक्शन) कार्डाच्या एका ३२ बिटी रजिस्टरमधून डिस्क्रिप्टरची (कार्डाला द्यायच्या एकेका कामाची नोंद) संख्या वाचतो आणि तेवढ्यांसाठी सरळ केकॅलॉक करतो, म्हणजे कर्नलकडून ॲरेसाठी मेमरी मागतो. एक डिस्क्रिप्टर ६४ बाइटचा. कित्येक महिने काही तक्रार नव्हती.

परवा ड्रायव्हर लोड होत असतानाच कार्ड निघालं (बाहेरच्या खोक्यात आहे, केबल सैल होती). लॉगमध्ये संख्या आली ४२९४९६७२९५, म्हणजे बत्तीसच्या बत्तीस बिट १. गुणिले ६४, जवळपास २५६ जीबी! मेमरी मिळाली नाहीच, पण पेज ॲलोकेटरने (कर्नलचा मेमरी वाटणारा भाग) वॉर्निंग टाकली आणि टेस्ट मशीनवर पॅनिक-ऑन-वॉर्न (वॉर्निंग आली की मशीन थांबवणारं सेटिंग) चालू असल्यामुळे आख्खं मशीन बसलं.

केकॅलॉक ओव्हरफ्लो (गुणाकार व्हेरिएबलमध्ये न मावणं) तपासतो म्हणून मी निर्धास्त होतो. पण ६४ बिटी मशीनवर इथे ओव्हरफ्लो झालाच नाही, आकडा नुसताच अवाढव्य होता.

डेटाशीटप्रमाणे जास्तीत जास्त २५६ डिस्क्रिप्टर. त्याहून मोठा आकडा आला तर तो २५६ वर कापून पुढे जायचं, की प्रोबच फेल करायचा? सहकारी म्हणतो काप, कार्ड निदान चालेल तरी. मला ते पटत नाहीये, पण का ते नीट सांगता येत नाही. आणि केव्हीमॅलॉक (मेमरी घ्यायचं दुसरं फंक्शन) वापरला तर वॉर्निंग टळेल का?

प्रतिसाद १

प्रोब फेल करा. कार्डाच्या हिशेबी ३०० डिस्क्रिप्टर आणि तुमच्याकडे जागा २५६ ची, असं झालं की कार्ड कधीतरी २९० नंबरचं काम झाल्याचं कळवणार आणि तुम्ही ॲरेच्या बाहेर लिहिणार. 'एवढेच वापर' असं कार्डाला उलट सांगायची सोय असेल तरच कापण्यात अर्थ आहे. सगळे बिट १ आले तर कार्ड गेलंय असं धरा आणि 'डिव्हाइस नाही' हीच एरर द्या. शून्यही तपासा.

केव्हीमॅलॉकने दुखणं फक्त झाकलं जाईल. सलग जागा नसली की तो व्हीमॅलॉककडे (विखुरलेले तुकडे जोडून मेमरी देणारं फंक्शन) वळतो, म्हणजे कार्डाने ८०० एमबी सांगितले तर ते मिळतीलही! तुम्हाला लागतात १६ केबी.

तुलना ३२ बिटातच करा. आधी १६ बिटात कोंबलंत तर ६५५३७ चा १ होतो आणि तपासणीतून सुटतो. रजिस्टर एकदाच वाचा, व्हेरिएबलमध्ये ठेवा, पुढे सगळीकडे तेच वापरा.

मूळ प्रश्नकर्ता

शेवटच्या वाक्याबद्दल मनापासून आभार. कोड पुन्हा पाहिला, तर लूपच्या अटीतच रीडएल (रजिस्टर वाचणारं फंक्शन) होता, म्हणजे दर फेरीला रजिस्टर नव्याने वाचलं जात होतं. म्हणजे मेमरी एका आकड्याची आणि फेरे भलत्याच आकड्याचे.

एकच शंका: काम झाल्याचं कळवताना कार्डाकडून येणारा डिस्क्रिप्टरचा नंबरही दर वेळी तपासला तर वेग कमी होईल का?

प्रतिसाद २

जाणवणार नाही. ती एक तुलना आहे. रजिस्टर वाचायला कार्डापर्यंत जाऊन यावं लागतं, त्याला याच्या कितीतरी पट वेळ जातो. तपासणी ठेवाच.