प्रति: गुरांचं आयव्हरमेक्टिन कुत्र्याला चालेल का?

गुरांसाठी आणलेल्या आयव्हरमेक्टिनची (जंत-गोचिडांवरच्या औषधाची) बाटली उरलीय, तीच कुत्र्याला थोडीशी टोचली तर काय बिघडलं, असं वर विचारलंय. हिशोबच बघा. गुरांच्या १ टक्का इंजेक्शनात एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं. गुराच्या ५० किलो वजनाला तेवढं पुरतं. हार्टवर्म (हृदयात होणारे जंत) होऊ नये म्हणून कुत्र्याला महिन्याला किलोमागे ६ मायक्रोग्रॅम लागतं. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला त्या बाटलीतलं ०.०१२ मिली. सिरिंजवर एवढी बारीक खूण तरी असते का? त्यात कोलीसारख्या कुत्र्यांच्या जातीत एमडीआर१ जनुकात दोष असला तर औषध मेंदूत साचतं: बाहुल्या विस्फारतात, लाळ गळते, कुत्रा झोकांड्या खातो, कोमातही जाऊ शकतो. आणि हार्टवर्मची रक्ततपासणी केल्याशिवाय सुरुवातच करू नका.

कोविडच्या महासाथीत जनावरांचं हे औषध कोविडवर म्हणून माणसांनीही घेतलं, धन्य आहे! २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला) जाहीर बजावावं लागलं. हृदयरोग्यांनी तर याच्या वाटेला जाऊच नये, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.