मदत हवी आहे: व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) बदलतो, प्रिंटरचा आयपी जुनाच
बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याचं नेटवर्क बघतो. लेबल प्रिंटरना ८०२.१एक्स (नेटवर्कवर येताना ओळख पटवायची पद्धत) येत नाही, म्हणून स्विचवर मॅक ऑथेंटिकेशन, म्हणजे उपकरणाचा हार्डवेअर पत्ता बघून प्रवेश. पण मॅकची नक्कल कुणीही करतं, म्हणून डीएचसीपीतले (आयपी मागताना उपकरण पाठवतं त्या विनंतीतले) ऑप्शन ५५ आणि ६० रेडियसकडे, म्हणजे प्रवेश ठरवणाऱ्या सर्व्हरकडे, पाठवून डिव्हाइस ओळखतो. आधी मर्यादित व्हीलॅन, ओळख पटली की सीओए, म्हणजे प्रवेशाचे हक्क बदलायचा रेडियसचा हुकूम. व्हीलॅन बदलतो, पण प्रिंटर जुन्या आयपीवर ढिम्म! पोर्ट बाउन्स केला (स्विचचा पोर्ट बंद करून पुन्हा चालू केला) की सुधारतो. मात्र मधे साधा स्विच असेल तिथं प्रिंटरला लिंक गेल्याचं कळतच नाही. लाइट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि आपल्याकडं ती जातेच.

तात्पुरत्या व्हीलॅनची लीज (आयपीची मुदत) दोन मिनिटांची ठेवू, की व्हीलॅन तोच ठेवून नुसती एसीएल (कुणाला कुठं जाता येईल याची यादी) बदलू? निपाणी-खानापूरकडं कुणी केलंय का?