कॉन्व्हॉय म्हणजे ताफा, तांडा की काफिला?

परवा बाबांबरोबर २०२० सालचा ‘ग्रेहाउंड’ पाहिला. काळ १९४२चा. ३७ जहाजांचा कॉन्व्हॉय उत्तर अटलांटिक ओलांडून इंग्लंडकडे निघालाय आणि विमानांचं संरक्षण पोचत नाही अशा मधल्या पट्ट्यात जर्मन पाणबुड्या त्याला गाठतात. बाबांना इंग्रजी संवाद पटपट कळत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून सांगत होतो. “ताफा निघालाय” म्हटलं तर ते म्हणाले, “अरे, मग यातली बरीचशी जहाजं लढत का नाहीत?” त्यांचं बरोबर होतं. ‘युद्धनौका ताफ्यात दाखल’ असं आपण रोज वाचतो, त्यामुळे समुद्रावरचा ताफा म्हटलं की आरमारच डोळ्यांपुढे येतं. इथे बहुतेक सगळी मालाची जहाजं, राखणीला मोजक्याच युद्धनौका. नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद : तांडा. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फौजांना रसद पुरवत. सर्वांत मंद जनावराच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं, मागे राहिला तो गेला. कॉन्व्हॉयचंही तेच, सर्वांत मंद जहाजाचा वेग हाच सगळ्यांचा वेग.

प्रतिसाद : अर्थ जुळतो, पण आज तांडा म्हणजे लमाणांची वस्तीही. माझं मत काफिला. मूळ अरबी, म्हणून वाळवंट आठवतं, पण आपल्या किनाऱ्यावर तो खाऱ्या पाण्यातही चाललाय. सोळाव्या-सतराव्या शतकात गोव्याहून खंबायतला व्यापारी गलबतं पोर्तुगीज लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात एकत्र जात, मलबारी चाच्यांच्या भीतीनं. पोर्तुगीज त्याला ‘काफिला’च म्हणत. याहून नेमकं काय हवं?

प्रतिसाद : राखणीच्या जहाजांसाठी जुना शब्द आहे, बोळावा. धोक्याच्या वाटेवर सोबतीला जाणारा तो बोळावा. लेकीची बोळवण करतो, त्याच घरातला. हा परत वापरात यावा असं मनापासून वाटतं.

काफिला पटला, आणि गोव्याचं मला ठाऊक नव्हतं, आभार. बोळावा बाबांना लगेच कळला.

आता ‘वुल्फ पॅक’, म्हणजे मिळून हल्ला करणाऱ्या जर्मन पाणबुड्या. मी आधी ‘पाणबुड्यांचा कळप’ म्हटलं आणि जीभ अडखळली. कळप चरणाऱ्यांचा, गुराढोरांचा. या गोष्टीत कळप असलाच तर तो मालवाहू जहाजांचा. रात्री दबा धरून चहूबाजूंनी तुटून पडणारी ती टोळी. लांडग्यांची टोळी, पाणबुड्यांची टोळी.

टॉर्पेडोला पाणतीर आहेच, सुंदर शब्द. अडलंय ते ‘डेप्थ चार्ज’पाशी. विनाशिकेच्या मागच्या टोकावरून पिंपासारखं काहीतरी घरंगळतं, बुडतं. क्षणभर काहीच नाही. मग पाणी खालून पांढरं फुगतं आणि उसळतं. तो आधी ठरवलेल्या खोलीवर फुटतो, पाणबुडीला थेट लागावाच असं नाही, जवळ फुटला तरी पाण्याच्या दाबानं तिचं कवच तडकू शकतं. पाणसुरुंग म्हणता येत नाही, कारण तो एका जागी वाट पाहत राहतो. ‘खोलबॉम्ब’ कानाला बोजड लागतो. आमच्याकडे कोकणात पाण्याची खोली वावात सांगतात, दहा वाव, वीस वाव. त्यावरून ‘वावगोळा’ कसा वाटतो? बोटीवर काम केलेलं कुणी इथे असेल तर सांगा, तुम्ही काय म्हणता?