मदत हवी आहे: ऊसतोडीवरून परतलेल्या पोरांचा अभ्यास कसा भरून काढू?
नमस्कार मंडळी, मी बीड जिल्ह्यात झेडपी शाळेवर आहे, चौथीचा वर्ग. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडं जातात, पोरंही सोबत, ती परत येतात थेट मार्च-एप्रिलात. शिक्षण हमी कार्ड (तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून) देतो आम्ही पण फडाजवळच्या शाळेत ते घेऊन जाणार कोण, पोरगी तर कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) धाकट्याला सांभाळत बसते. जी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिली त्यांचं वाचन बरंय, म्हणजे डोकं कमी नाहीये हो, महिने बुडालेत. आता अशी ९ पोरं आलीत, भागाकार पार विसरलेत. सुट्टी लागायच्या आत पहिलं वाचन घेऊ का गणित? आणि कारखान्याकडच्या मास्तरांशी कुणी संपर्क ठेवता का, कसा?